बयोच्या खोलीचं दार

शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४. चँडलर

आज नागपंचमी. मिरजेला या दिवशी आमच्या घरी तवा चढत नसे, विळीला कुणी हात लावत नसे. पुरणाची दिंडं उकडली जायची आणि आई पाटावर गंधाने नाग काढायची. आईची पाठ वळली की मी शेवटच्या नागाचं शेपूट गुपचूप लांबवत असे. इथे वाळवंटातल्या या गावात बाहेर एकशे बारा फॅरनहाइट ऊन आहे, अंगणात खडी आणि एक निवडुंग, आणि पाहुण्यांच्या खोलीत साडेअकरा फुटांचा जिवंत अजगर.

अजगर माझ्या बायकोचा. शैलजा जन्मभर हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. रिटायर झाल्यावर लोकांनी टाकून दिलेले साप-सरडे सांभाळणाऱ्या एका संस्थेत जाऊ लागली. तिथे ही मादी आली होती. कुणीतरी हौसेनं हातभर पिल्लू घेतलं आणि नऊ फूट झाल्यावर पार्कात सोडून दिलं. जात ब्रह्मदेशी, स्वभाव शांत. शैलजा तिला घरी घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, बयो. शेहेचाळीस वर्षांत मला 'अहो'च्या पुढे काही मिळालं नाही.

खोलीच्या दारावर शैलजाने नियम टाइप करून चिकटवलाय. दहा फुटांहून लांब सापाचा पिंजरा एकट्याने उघडायचा नाही. दोन माणसं, नेहमी. एकाला विळखा पडला तर सोडवायला दुसरा हवा, म्हणून. तो दुसरा म्हणजे यतीन. नागपूरचा, माझ्यासारखाच चिपच्या कंपनीतून रिटायर झालेला, विधुर, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, डोक्यावर सगळे केस. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला येतो. त्याच्या घरीही एक अजगर आहे, नर.

आज मी एका वाटीत दूध घेऊन त्या दाराबाहेर ठेवलं. श्रद्धा म्हणा, आठवण म्हणा. शैलजा आली, वाटी उचलली. "अहो, साप दूध पीत नाही. तहानेने मरायला टेकवलेला साप पितो, आणि मग त्यानेच मरतो. माहीत असून काय करता?" त्या दुधाचा तिने चहा केला. माझं दूध, तिचा चहा आणि प्यायला यतीन.

"वा, वहिनी, आलं जबरदस्त पडलंय," म्हणाला. वहिनी म्हणतो. पण कसा म्हणतो ते ऐकायला पाहिजे.

आत जाताना तिने नेहमीसारखं माझ्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक केलं. "येताय?" दर मंगळवार-शुक्रवार हेच. मी येणार नाही हे तिला माहीत आहे. तरी डिवचते.

सोमवार, १९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. एक युक्ती सुचली होती आणि फसली, म्हणून लिहून ठेवतो.

मंडळाच्या कार्यक्रमात राख्यांचा स्टॉल होता. मी एक घेतली, मोत्यांची, चांगली ठसठशीत. घरी येऊन सहज म्हणून शैलजाला म्हटलं, "बिचाऱ्या यतीनला इथे बहीण नाही. तू बांधलीस तर बरं वाटेल त्याला."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "मला दोन भाऊ आहेत. तिसऱ्याचं काय करू?"

"अगं, भावना म्हणून."

"अहो, भावना त्याची की तुमची?"

राखी टेबलावरच राहिली. संध्याकाळी यतीन सापाचा थर्मोस्टॅट बदलायला आला आणि त्याने ती पाहिली. "अरे वा, शशीभाऊ, कोणी बांधली?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही." त्याने ती उचलून माझ्याच मनगटाला बांधली. म्हणाला, "घ्या भाऊ, आजपासून तुमची रक्षा आपल्याकडे." शैलजा इतकी हसली की तिला बसावं लागलं.

माझ्या बोलण्याने ती अशी शेवटची कधी हसली हे आठवत बसलो. आठवलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

बयोची वीण करायची असं ठरलंय. 'ठरलंय' म्हणजे त्या दोघांचं.

मी विचारलं, जगात टाकून दिलेले साप कमी आहेत म्हणून आणखी जन्माला घालायचे? प्रश्न बिनतोड वाटला होता. पण शैलजाने फाइल उघडली. सहा घरं. एक निसर्गकेंद्र, एक कॉलेजची प्रयोगशाळा, चार जुनेजाणते पाळणारे. लहानपणापासून हाताळलेलं, कुठून आलं ते माहीत असलेलं पिल्लू या सगळ्यांना हवंय. सहाही जागा तिने स्वतः जाऊन पाहिल्या. पिंजऱ्याची लांबी मोजली, कुलूप ओढून बघितलं, आणि पुढच्या पंचवीस वर्षांचं काय ते विचारलं. दोघांना नापास केलं होतं. त्यातला एक डॉक्टर होता.

"आधी घर, मग पिल्लू," म्हणाली. "उलटं केलं की बयो होते."

"आणि सहाच्या वर अंडी झाली तर?"

"होतीलच. वीस-पंचवीस होतात. पहिल्याच दिवशी बाजूला काढायची आणि फ्रीझरमध्ये. आत जीव धरायच्या आधी."

 आमची ऋता झाली तेव्हा पाळण्याशी बसून गाणारी हीच का ती बाई?

म्हणजे गात मी होतो. ती नाइट ड्यूटीवर असायची. पण तेच ते.

घरं बघायला या दोघांनी मिळून चार शनिवार गाडीने प्रवास केला. मलाही विचारलं होतं. ट्यूसनला उंच सॅग्वारो निवडुंगांमधून जाताना दिसणारा सूर्यास्त फार सुंदर असतो असं तीच म्हणाली होती. मी म्हटलं, तुम्ही जा, मला वाचायचं आहे. आल्यावर यतीन म्हणाला, सूर्यास्त काय होता यार! काय होता ते सांग ना, नाहीतर बोलू नकोस.

रविवार, २७ ऑक्टोबर

अ‍ॅशबर्नहून ऋताचा व्हिडिओ कॉल. मी जरा मन मोकळं केलं. लेक म्हणाली, "बाबा, आर यू जेलस ऑफ अ स्नेक?"

सापाबद्दल नाही बोलत, म्हटलं.

ती म्हणाली, "मग जस्ट गो इन ना, बाबा. आई नेहमी म्हणते, त्यांना विचारून विचारून मी दमले."

आईची बाजू घेणारच. मुली तशाच.

शुक्रवार, ६ डिसेंबर

यतीनचा नर आज आमच्या घरी आला. नाव बंड्या. आठ फुटी, म्हणजे वधूहून साडेतीन फूट कमी. या जातीत असंच असतं म्हणे. दोन महिने वेगळा ठेवून, डॉक्टरकडून तपासून, मगच आणलाय. गोत्र तेवढं पाहायचं राहिलं.

मी दिवाणखान्यात पेपर घेऊन बसलो होतो. बंद दाराआडून हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं.

"वहिनी, तो वर चढला बघा."

"हळू बोला. वेळ टिपलीत?"

"चार सत्तेचाळीस."

भिंतीला कान लावला नव्हता. माझी खुर्ची तिथेच आहे.

दोन सुशिक्षित, वयस्क माणसं एका खोलीत बसून हे बघतात आणि वहीत वेळ लिहितात. शास्त्र आहे, मान्य. नर त्याचा, मादी हिची, हेही शास्त्रच. पण शाळेत आम्हाला संस्कृत काव्य शिकवताना खांबेटे मास्तर शृंगाराची पानं दोन दोन एकदम उलटत, त्याला काही कारण होतं.

आज त्याआधी टकटक झाली तेव्हा मी माझ्या खोलीत होतो, उत्तरच दिलं नाही. ती थोडा वेळ उभी होती. दाराखाली तिच्या पावलांची सावली दिसत होती.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. यतीन तिळगूळ घेऊन आला, स्वतः केलेला, दगडासारखा. शैलजाने कौतुकाने खाल्ला. मी चहात बुडवला.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. खोलीतून बाहेर येताना हा माणूस गुणगुणत होता. ओळखीचं वाटलं. कान टवकारले तर आमची सातवीतली कविता! आणि चाल खांबेटे मास्तरांची! मास्तर डोळे मिटून, टेबलावर छडीने ताल धरून म्हणायचे ती. या पृथ्वीवर ती चाल आता माझ्याशिवाय कोणाला येत असेल असं मला वाटत नव्हतं. कूकर लावताना मी ती रोज म्हणतो. माझी एवढी एक इस्टेट.

"ही कुठे ऐकलीत?" मी विचारलं. आवाज बहुतेक चढला असावा.

"काय भाऊ, वहिनी म्हणतात ना! बयोला टबात धुताना. मलाही पाठ झाली बाप्पा."

शैलजा पदराला हात पुसत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे माझी चाल उचलून ती त्याच्यापुढे म्हणते. माझ्यापुढे कधी म्हटली आहे? मी म्हणत असताना तर ती फोडणी टाकते.

त्यानंतर खोलीत जाऊन वही काढली. म्हटलं आपणही काही करावं, तिच्यासाठी. वृत्त भुजंगप्रयात घेतलं, तेच योग्य होतं.

तिला दोन ओळी लिहाव्या म्हणूनी

एवढंच झालं. दुसरी ओळ तासभर बसून आली नाही. चौथीत असताना मी दोन श्लोक रिकाम्या तासात पाडत असे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बंड्या आपल्या घरी गेला. बयोचं पोट शेपटीकडे जड दिसतंय म्हणतात. खाणं सोडलंय. शैलजाचंही जेवणाकडे लक्ष नाही.

प्रिंटरवर एक कागद सापडला. आपणहून शोधला नाही, माझी औषधांची यादी छापायला गेलो होतो. वर लिहिलेलं, माझ्या मृत्यूनंतर किंवा मी असमर्थ झाल्यास सापाचा ताबा कोणाकडे. हा साप आणखी वीस वर्षं जगू शकतो आणि शैलजा बाहत्तरची आहे, तेव्हा कागद शहाणपणाचा. दोन नावांची जागा होती. पहिल्या नावापुढे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं, एस अक्षर पुसट दिसत होतं. चुकून स्वतःचंच नाव लिहायला घेतलं असेल. दुसऱ्या नावापुढे पेनने, ठळक, यतीन. खाली त्याची सही.

म्हणजे मरणानंतरचीही बोलणी झाली आहेत. माझ्याशी तिने मरणाचा विषय कधी काढला नाही. एकदा काढला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, संध्याकाळच्या वेळी काय हे अभद्र.

कागद होता तसा ठेवला. औषधांची यादी छापायची राहिली.

मंगळवार, २५ मार्च

बयोने कात टाकली. आता तीन-चार आठवड्यांत अंडी. शैलजाने गराजमध्ये उबवणीची पेटी मांडली आहे. जुना फ्रीज आहे, त्याला हीटर लावलेला, आत एकोणनव्वद डिग्री. दिवसातून सहा वेळा बघून येते. टकटक झाली, येताय? डोकं दुखतंय म्हटलं. खरंच दुखत होतं.

गुरुवार, १७ एप्रिल

 आजच लिहायला हवं.

सकाळी सातला शैलजा त्या खोलीतल्या पिंजऱ्याच्या काचेशी गेली आणि मोठ्याने ओरडली, "अहो! घातली! अंडी घातली!" मी धावत गेलो, दारापर्यंत. बयो वेटोळं करून बसली होती, मधे पांढरं पांढरं दिसत होतं.

"यतीनला फोन करा," ती म्हणाली, "मी पेटी तयार करते. आजच काढायला हवीत. उद्यावर गेलं तर अंडी आत जीव धरतील, मग मी ती फ्रीझरमध्ये टाकणार नाही, आणि मग वीसेक घरं कुठून आणू?" तिचे डोळे असे चमकत होते की ती मला पंचविशीतली दिसली. ती धावत गराजमध्ये गेली. मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो.

काय झालं मला ठाऊक नाही. यतीनने फोन उचलून "बोला शशीभाऊ!" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "शैलजाला ताप आहे. या आठवड्यात येऊ नका."

"अरे! जास्त आहे का? आणि अंडी?"

"अजून नाही," मी म्हटलं.

आत येऊन शैलजाला सांगितलं, "यतीनला ताप आहे."

मला एवढंच हवं होतं, की आजचा दिवस त्याच्याशिवाय असावा. या दोन तापांच्या पुढे काय, हे मी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं असावं की ती हिरमुसेल, आम्ही दोघं चहा घेऊ.

ती पेटीचं झाकण हातात धरून उभी राहिली. संस्थेतल्या दोघांना फोन लावले. एक डेन्व्हरला, दुसरीने उचलला नाही. मग तिने एप्रन बांधला आणि म्हणाली, "ठीक आहे. मी एकटीच जाते."

"एकटी? नियम आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग काय करू, अहो?"

ती खोलीकडे चालू लागली. मला विचारलं नाही, टकटक नाही, येताय नाही. अंडी राखणारी मादी, अठ्ठावन्न पौंडांची, आणि ही बाहत्तर वर्षांची, गुडघे बदललेली. हे मी करवलं होतं. खरं सांगून टाकायचं, पाच मिनिटांत यतीन आला असता. ते नाही सांगितलं. म्हटलं, "मी येतो."

ती वळली.  "हात धुवा. कोपरापर्यंत. खाण्याचा वास नको. आणि मी सांगेन तेवढंच करायचं."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत गेलो. ओल्या लाकडाचा वास होता. शैलजाने बयोच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि मानेपाशी धरलं. मला मागची बाजू दिली. मला वाटलं होतं थंड, बुळबुळीत लागेल. कोरडी होती, आणि ऊबदार. आणि ती थरथरत होती, दर काही क्षणांनी सगळं अंग आतून आचके देत होतं.

"आजारी आहे का गं?"

"थंडी वाजल्यासारखं करते. त्यातून ऊब येते, अंड्यांना." मग म्हणाली, "ही खाल्ल्याशिवाय दोन महिने अशी बसली असती."

एकेक वेटोळं सोडवत आम्ही तिला उचलत होतो. अर्धी बाहेर आली आणि टॉवेल सरकला. पुढचं मला क्रमाने आठवत नाही. डोकं कुठेतरी गेलं, आणि एक जाड वळसा शैलजाच्या उजव्या हातावर पडला, मग दुसरा, दंडापर्यंत. तिची बोटं माझ्यासमोर जांभळी झाली. मी शेपूट हातात धरून नुसता उभा.  मला शाळेचा व्हरांडा दिसत होता, खोटं नाही लिहीत, मिरजेच्या शाळेचा व्हरांडा आणि ऊन.

"अहो," ती म्हणाली. जेवायला बोलावते त्या आवाजात. "शेपटीपासून. ओढू नका. टोक धरा आणि उलगडा, दोरीचा गुंता काढतो तसा."

टोक सापडलं. उलगडलं. एक वळसा, दुसरा. तेवढ्यात तिने डाव्या हाताने डोकं धरलं होतं. बयोला टबात सोडून झाकणाची कडी लावली तेव्हा आम्ही दोघंही जमिनीवर बसलो. तिच्या दंडावर काळानिळा पट्टा उठला होता.

"जमलं," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तिथे होता तेवढा वेळ मी सुखी होतो, हे लिहिलं पाहिजे. खोटं बोलून मिळवलेलं होतं, तरी.

तेवीस अंडी. दोन पिवळी, फुकट गेलेली. सात पेटीत ठेवली, सहा घरांची सहा आणि एक जादा. चौदा डब्यात भरून तिने डबा माझ्या हातात दिला. "तुम्ही ठेवाल? माझा हात उचलत नाही." मी गराजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवला. अंडी चामड्यासारखी मऊ होती, अजून कोमट. परत आलो तेव्हा ती बेसिनशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि ती काही धूत नव्हती.

दीड वाजता बेल वाजली. दारात यतीन. हातात स्टीलचा डबा.

"वहिनींसाठी मऊ भात आणलाय, मेतकूट घालून. ताप उतरला का?"

शैलजा माझ्या मागे येऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. ताप नसलेला, घाम पुसणारा, ठणठणीत माणूस. मग माझ्याकडे पाहिलं.

"उतरला," ती म्हणाली. "या ना आत."

"आणि हाताला हे काय बाप्पा?"

"दारात आपटला."

ती बसली आणि त्याच्यासमोर सगळा भात डाव्या हाताने खाल्ला. अंड्यांचं त्याला मग सावकाश सांगितलं, घाई झाली म्हणून. शशिकांत होते सोबत, असं म्हणाली. तिने माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. यतीन उठला, माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "मानलं भाऊ! मी म्हणतच होतो वहिनींना, येतील एक दिवस." खरंच आनंद झाला होता त्याला. त्याबद्दलही मी त्याला माफ करू शकत नाही.

तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी एकटी आत गेले असते."

"पण मी आलो ना—"

"मी गेले असते, अहो."

शनिवार, १९ एप्रिल

ती बोलते. मीठ हवंय का, ऋताचा फोन होता, कचऱ्याची गाडी. काल शुक्रवार असूनही खोली उघडली नाही, बयोला शांत राहू द्यायचंय म्हणे. दंड कोपरापर्यंत हिरवा-पिवळा झालाय. बर्फाची पिशवी नेऊन दिली. थँक्यू म्हणाली. शेहेचाळीस वर्षांत थँक्यू म्हणाली नव्हती.

मंगळवार, २२ एप्रिल

साडेचारला यतीन आला. मी माझ्या खोलीत तयार बसलो होतो. सदरा बदलला होता. 'हो' म्हणायचं ठरवलं होतं, कसं म्हणायचं तेही ठरवलं होतं, फार उत्साहाने नाही, सहज.

त्यांची पावलं आली. माझ्या दारापाशी थांबली नाहीत. पलीकडचं दार उघडलं, बंद झालं.

मी वाट पाहिली. विसरली असेल असं वाटलं. अर्ध्या मिनिटात कळलं की विसरलेली नाही. इतकी वर्षं मी त्या टकटकीला डिवचणं म्हणत आलो. या वहीत मागे जाऊन बघितलं, नागपंचमीला तसंच लिहिलंय.

मग उठलो आणि जाऊन त्या दारावर मीच टकटक केलं.

"कोण?" यतीनचा आवाज.

"मी."

 मग शैलजा. "आता दार उघडता येणार नाही. बयो बाहेर आहे."

"बरं," मी म्हटलं. "मी थांबतो."

 मी भिंतीला टेकून उभा राहिलो. खुर्ची आणता आली असती, पण खुर्चीत बसलं की ते दिवाणखान्यात बसल्यासारखंच. आतून पाण्याचा आवाज येत होता, बयोला धूत असणार. यतीन काहीतरी नागपुरी बोलला आणि ती हसली.  मग ती गुणगुणायला लागली. मास्तरांची चाल. तिसऱ्या ओळीत ती चुकते. मास्तर तिथे स्वर खाली आणत, ही वर नेते. इतक्या वर्षांत तिला कोणी सांगितलं नाही, आणि मला माहीत असायला मी कधी तिथे नव्हतो. वाटलं, दाराबाहेरून सांगावं. नाही सांगितलं. वर नेलेलंही वाईट वाटत नव्हतं.

चाळीस मिनिटं झाली. पाय सुजले. हललो नाही.

दार उघडलं. यतीन आधी बाहेर आला, मला पाहून थबकला, आणि काही न बोलता चपला घालून निघून गेला. त्याला एवढं कळतं हे मला माहीत नव्हतं. शैलजा उंबऱ्यात उभी, बाह्या वर केलेल्या.

"अजून इथेच?"

"हो. शैलजा, यतीनला ताप नव्हता."

"माहीत आहे."

"तुलाही नव्हता."

"तेही माहीत आहे." तिने दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. "का केलंत, तेही माहीत आहे. ते विचारत नाहीये मी. मला दुसरा माणूस लागतो आत, अहो. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबता येईल असा. तो यतीन आहे, कारण तो साडेचार म्हणजे साडेचारला येतो आणि खोटं बोलत नाही. तो राहणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर तिसरे म्हणून या."

तिसरा! माझ्या घरात, माझ्या बायकोच्या पाठीमागे, यतीनच्या हाताखाली तिसरा. 

"किती वाजता?" मी विचारलं.

"शुक्रवारी. साडेचार. मी हाक मारणार नाही."

शुक्रवार, २५ एप्रिल

सव्वाचार. हात धुतले, कोपरापर्यंत. दाराशी उभा आहे. तो अजून आलेला नाही.